बाईवरचा चित्रपट आणि बाईचा चित्रपट

पणजीत २००४ पासून बहुधा नोव्हेंबरात भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे आपल्या बोलण्यातील इफ्फीत, स्पर्धेतील सर्वोत्तम चित्रपटाला सुवर्णमयूर दिला जातो. २०२२ साली तो व्हॅलेंटिना मॉरेल यांच्या ‘आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स’ या कोस्टा रिकातील चित्रपटाला मिळाला आणि २०२४ साली लिथुआनियाच्या साउले ब्लिउवाइटे यांच्या ‘टॉक्सिक’ला. दोन्ही दिग्दर्शिकांचा तो पूर्ण लांबीचा पहिलाच चित्रपट होता आणि दोन्ही कथा किशोरवयीन मुलींच्या होत्या. त्याच २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला फ्रान्समधील कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला, त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला होता. किरण राव, शुची तलाटी, संध्या सुरी, आरती कडव, रीमा दास या दिग्दर्शिकांची नावेही आता वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. हे चित्रपट वेगळे का वाटतात, ते कोणाच्या पैशावर उभे राहतात आणि गोव्यातील प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याआधी कोठे अडतात, हे नीट समजून घ्यायचे असेल तर एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवा.

बाईवर चित्रपट काढणे आणि बाईने चित्रपट काढणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत. मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची उदाहरणे पाहिली की हे लगेच लक्षात येते. ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ या दोन चित्रपटांनी बायकांना गटागटाने चित्रपटगृहात आणले. दोन्हींच्या पडद्यावर वेगवेगळ्या वयाच्या बायकाच होत्या, पण पहिल्याचे दिग्दर्शन हेमंत ढोमे यांचे आणि दुसऱ्याचे केदार शिंदे यांचे होते. मात्र लेखन पाहिले तर तेथे इरावती कर्णिक आणि वैशाली नाईक ही नावे सापडतात. म्हणजे ‘हा बाईचा चित्रपट आहे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्यापेक्षा ‘यात बाईने नेमके काय ठरवले?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे, आणि त्याचे उत्तर श्रेयनामावलीत असते, जी सुरू होताच आपल्यापैकी बहुतेक जण खुर्चीतून उठतात.

चित्रपटाचे स्वरूप मुख्यतः पाच विभागांत ठरते: लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि प्रॉडक्शन डिझाइन. पात्र काय बोलेल हे लेखक ठरवतो. त्या बोलण्याचा सूर, गती आणि अर्थ दिग्दर्शक ठरवतो. आपण ते पात्र किती जवळून, कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या प्रकाशात पाहायचे हे छायाचित्रण दिग्दर्शक पाहतो. कोणता क्षण किती वेळ पडद्यावर राहील आणि कोणता कापला जाईल हा निर्णय संकलकाच्या टेबलावर होतो, आणि पात्राच्या घरात कोणती भांडी, कोणते पडदे, कोणता देव्हारा असेल हे प्रॉडक्शन डिझायनर ठरवतो. ऑरमॅक्स मीडिया या मनोरंजन क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सहभागाने होणारी ‘ओ वुमनिया’ ही पाहणी नेमक्या याच पाच विभागांच्या प्रमुखपदी किती स्त्रिया आहेत ते मोजते. भारतातील चित्रपट आणि वेब मालिकांत हे प्रमाण २०२२ ते २०२४ या आवृत्त्यांत १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या जागेवर स्त्री असेल तर हे प्रमाण वाढते, हा त्याच पाहणीतील निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण त्यावरून अडचण गुणवत्तेची नसून दार उघडणाऱ्यांची आहे हे दिसते.

या विभागांत बाई नव्यानेच आली असे मात्र समजू नये. दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाच्या काळात, १९१३ साली, फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके करत होत्या आणि संपूर्ण चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. त्या चित्रपटातील तारामती पुरुषाने साकारली होती. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. (गोव्याच्या रंगभूमीवर हा बदल त्याआधीच झाला होता: कोंकणी तियात्रात रेजिना फर्नांडिस १९०४ साली उभ्या राहिल्या होत्या.) १९२६ साली फातमा बेगम यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. पुढे संकलनाच्या टेबलावर रेणू सलुजा, आरती बजाज, नम्रता राव यांच्यासारख्या स्त्रियांनी हिंदी चित्रपटाला आकार दिला. कॅमेऱ्याचा विभाग सर्वांत उशिरा उघडला. बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ साली तमिळ चित्रपटाचे स्वतंत्र छायाचित्रण केले तेव्हा ते आशियातील पहिले उदाहरण मानले गेले, आणि भारतीय छायाचित्रण दिग्दर्शिकांनी आपली संघटना उभी केली ती थेट २०१७ मध्ये.

कॅमेरा कोणाच्या हाती आहे याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १९७५ साली लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने एका निबंधात मांडले. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे सांगता येईल की, नेहमीच्या व्यावसायिक चित्रपटात कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक हे तिघेही बाईकडे पुरुषाच्या जागेवरून पाहतात. पुरुष पाहणारा असतो आणि बाई पाहिली जाणारी. नायिकेचा प्रवेश आधी पायाच्या पैंजणापासून, मग कमरेवरून आणि शेवटी चेहऱ्यापर्यंत दाखवण्याची पद्धत आठवली तर हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या नजरेला पर्याय काय असतो, हे पायल कपाडिया यांच्या चित्रपटातील एका प्रसंगात फार नेमकेपणाने दिसते. मुंबईत परिचारिका असलेली प्रभा जर्मनीत राहणाऱ्या नवऱ्याकडून अनेक दिवस शब्दानेही काही न कळलेली बाई आहे. एके दिवशी तिच्या पत्त्यावर परदेशी बनावटीचा भात शिजवण्याचा कुकर येतो, आणि रात्री एकटी असताना ती तो कुकर पोटाशी घट्ट धरून बसते. तिचे शरीर पडद्यावर आहे, तिची शारीरिक ओढही आहे, पण ते पाहून प्रेक्षकाने सुखावावे अशी मांडणी नाही. प्रेक्षक तिच्या एकटेपणात तिच्याबरोबर बसतो. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. या चित्रपटाचे छायाचित्रण रणबीर दास यांचे, म्हणजे पुरुषाचे आहे. गोव्यात मोठ्या प्रमाणावर चित्रित झालेल्या ‘डिअर जिंदगी’ची नायिका छायाचित्रकार आहे, दिग्दर्शिका गौरी शिंदे आहेत, आणि छायाचित्रण लक्ष्मण उतेकर यांचे आहे. नजर ही जन्माने मिळणारी वस्तू नाही. ती विचारपूर्वक घडवावी लागते. स्त्रीने चित्रपट केला म्हणजे ती आपोआप बदलते असे नाही, आणि पुरुषाने केला म्हणून ती बदलूच शकत नाही असेही नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे एकच कथा दोघांनी मांडलेली आपल्यासमोर आहे. जिओ बेबी यांनी २०२१ मध्ये मल्याळममध्ये ‘द ग्रेट इंडियन किचन’ केला आणि त्याच कथेवर आरती कडव यांनी हिंदीत ‘मिसेस’ केला, जो २०२५ च्या फेब्रुवारीत झी फाइव्हवर आला. सासऱ्याला चटणी पाट्यावर वाटलेलीच हवी, हा तपशील दोन्हींत आहे. पुरुष दिग्दर्शकाने स्वयंपाकघरातील पुनरावृत्ती इतकी ताणली की पाहणाऱ्यालाही तिचा थकवा यावा. कडव यांच्या चित्रपटात नृत्याचे स्वप्न पाहणारी नायिका अधिक पुढे येते. मला मूळ चित्रपट अधिक धारदार वाटतो, आणि हे सांगताना स्त्रियांच्या चित्रपटांवर माझी माया कमी होत नाही.

समीक्षेत ‘बेक्डेल कसोटी’चा उल्लेख वारंवार येतो, तिचीही येथे ओळख करून द्यायला हवी. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीच्या १९८५ मधील चित्रमालिकेत ती प्रथम आली. चित्रपटात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे, एवढ्याच तिच्या अटी आहेत. इतकी साधी कसोटीही असंख्य चित्रपट पार करू शकत नाहीत. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये रेल्वे स्थानकावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई आणि चुकलेली नववधू फूल यांच्यात कामाबद्दल, कमाईबद्दल, स्वतःच्या पायावर उभे राहण्याबद्दल बोलणे होते, आणि फूलला आयुष्यातील पहिली कमाई मिळते तो प्रसंग कथेचा कणा ठरतो. (स्थानकावरची ती मंजू माई आणि कपाडियांच्या चित्रपटातील, मुंबईतील घर गमावून रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे परतणारी पार्वती, या दोन्ही भूमिका छाया कदम यांनीच केल्या आहेत.) मात्र ही कसोटी एका चित्रपटाचा दर्जा ठरवण्यासाठी वापरू नये. वर्षभरातील सगळे चित्रपट एकत्र घेऊन पाहिले तरच ती काही उपयोगाचे सांगते.

आता प्रश्न उरतो तो संख्येचा. स्त्रिया इतक्या कमी का? चित्रपटाच्या कामांची नेमणूक बहुतांशी ओळखीतून होते. एका चमूत काम केलेला सहायक पुढच्या चमूत जातो आणि त्या साखळीत पहिली कडीच नसेल तर पुढची बनत नाही. त्याहून साधी, पण कठोर अडचण कामाच्या जागेची आहे. केरळ सरकारने २०१७ मध्ये न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या परिस्थितीचा अभ्यास केला. अहवाल २०१९ मध्ये सादर झाला आणि प्रसिद्ध व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले. त्यात लैंगिक शोषणाच्या तक्रारींबरोबरच चित्रीकरणस्थळी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसणे याचीही नोंद आहे. दिवसाचे बारा-चौदा तास आडरानात किंवा समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या चित्रीकरणात स्वच्छतागृह नसेल, तर मुलगी प्रकाशयोजनेच्या चमूत टिकणार कशी? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की निर्मिती चमूलाही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. शुची तलाटी यांच्या ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’च्या निर्मात्यांनी मुलींना प्रकाशयोजनेचे प्रशिक्षण देणारी कार्यशाळा घेतली, ते याच जाणिवेतून. जवळिकीच्या प्रसंगांत कलाकारांच्या मर्यादा आधी ठरवून घेणारी आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणारी ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ ही नवी जबाबदारीही आता भारतीय निर्मितीत दिसू लागली आहे.

पैशाचा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण नव्या चित्रपटांचे वेगळेपण बऱ्याच अंशी तेथे जन्मते. मुंबईचा निर्माता साधारणपणे ताऱ्याच्या नावावर पैसे उभे करतो: तारा ठरला की वितरक, वाहिनी आणि ओटीटी यांच्याकडून किती रक्कम येईल याचा अंदाज बांधता येतो. मोठा तारा बहुतेक वेळा पुरुष असतो, त्यामुळे कपाडियांच्या चित्रपटातील दोन परिचारिका आणि एक स्वयंपाकीण यांच्यासारखी गोष्ट या हिशेबात बसत नाही. मग सहनिर्मितीचा मार्ग घेतला जातो. भारत आणि फ्रान्स यांच्यात चित्रपट सहनिर्मितीचा करार आहे; अशा करारामुळे एक चित्रपट दोन्ही देशांचा मानला जातो आणि तेथील सार्वजनिक निधीला अर्ज करू शकतो. हा निधी नफ्यासाठी दिला जात नाही, तर चित्रपट हा संस्कृतीचा भाग आहे या भूमिकेतून तज्ज्ञांची समिती पटकथा वाचून तो मंजूर करते. कपाडियांचा चित्रपट असाच फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली यांच्या सहभागातून उभा राहिला, आणि ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ही भारत-फ्रान्स सहनिर्मितीच आहे. अशा भागीदाऱ्या जुळवणारा भारतातील प्रमुख बाजार गोव्यातच भरतो. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये सुरू केलेला फिल्म बाजार इफ्फीच्याच दिवसांत असतो. तेथे दिग्दर्शक आपली पटकथा किंवा अर्धवट संकलित चित्रपट देशोदेशींच्या निर्मात्यांना आणि महोत्सवांच्या निवडकर्त्यांना दाखवतात. आपण पणजीत चित्रपट पाहत असताना दोन-चार वर्षांनी येणाऱ्या चित्रपटांची बोलणी जवळच चालू असतात, हे अनेक गोमंतकीयांना ठाऊक नसते.

याखेरीज आणखी दोन वाटा आहेत. केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांसाठी दीड कोटी रुपयांपर्यंत निधी देते, आणि त्यातून श्रुती शरण्यम यांच्यासारख्या नव्या दिग्दर्शिका पुढे आल्या. दुसरी वाट रीमा दास यांची. आसाममधील स्वतःच्या गावात, गावातील मुलांना घेऊन, त्यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ लिहिला, दिग्दर्शित केला, स्वतः चित्रित केला आणि स्वतःच संकलित केला. २०१७ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. या धैर्याला मनापासून दाद द्यावी, पण ती पद्धत सर्वांसाठी आदर्श मानू नये, कारण पाच जणांचे काम एका बाईने करावे लागणे हीदेखील एक वंचनाच आहे.

चित्रपट तयार झाला तरी तो दाखवता येईलच असे नाही. चित्रपटगृहासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अलंकृता श्रीवास्तव यांच्या ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला २०१७ मध्ये मंडळाने ते नाकारले आणि आपल्या पत्रात कथा स्त्रीकेंद्री असल्याचे कारण नोंदवले. त्या वेळी मंडळावर दाद मागण्यासाठी अपिलीय न्यायाधिकरण होते; त्याच्या आदेशानंतर चित्रपट प्रदर्शित झाला. हे न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, आणि आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते, जे छोट्या निर्मात्याला खर्चाच्या आणि वेळेच्या दृष्टीने फार जड जाते. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा उत्तर भारतातील एका महिला पोलीस शिपायाची गोष्ट सांगणारा हिंदी चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला, परंतु भारतात त्याचे प्रदर्शन प्रमाणन मंडळाच्या आक्षेपांमुळे अडले. मंडळात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे २०२४ च्या नियमांत आले आहे. ती सुधारणा स्वागतार्ह आहे, मात्र दाद मागण्याची स्वस्त आणि जवळची जागा परत मिळणे मला अधिक गरजेचे वाटते.

दूरचित्रवाणीची गोष्ट वेगळी आहे. दैनंदिन मालिकांच्या केंद्रस्थानी बाईच असते, कारण संध्याकाळच्या प्रेक्षकांत तिचा वाटा मोठा आणि जाहिरातदाराला तीच हवी असते. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका लीना गंगोपाध्याय यांच्या ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर आधारित होती, आणि तीच कथा हिंदीसह इतर भाषांतही गेली. म्हणजे एका बंगाली लेखिकेची आई देशभरातील घरांत पोहोचली. पण रोज एक भाग द्यायचा असल्याने लेखन चित्रीकरणाच्या जेमतेम पुढे चालते, आणि दर आठवड्याचे टीआरपीचे आकडे कथेचे वळण ठरवतात. घर सोडून निघालेली नायिका आकडा घसरताच पुन्हा उंबऱ्यात येते, ती यामुळे. वेब मालिकेत सगळे भाग आधी लिहून पूर्ण होतात, लेखकांचा गट एकत्र बसून ते रचतो आणि कथेवर शेवटपर्यंत एका व्यक्तीचा ताबा राहू शकतो. झोया अख्तर आणि रीमा कागती यांची ‘मेड इन हेवन’, कागती यांची ‘दहाड’, स्मिता सिंह यांची ‘खौफ’ या मालिकांत बाई चुकते, रागावते, अर्धवट राहते, आणि तिला पुढच्या भागात लगेच सद्गुणी करावे लागत नाही.

गोव्यात या सगळ्याचे काय होते? येथे चित्रीकरणे भरपूर होतात आणि कोंकणी चित्रपटांत बायकांच्या कथाही आहेत. एका गोमंतकीय गायिकेच्या आयुष्यावर प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ बार्द्रॉय बार्रेतो यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यातील जुना काळ उभा करणाऱ्या अपर्णा रैना यांना प्रॉडक्शन डिझाइनचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण प्रेक्षकांच्या बाबतीत आपली स्थिती विचित्र आहे. इफ्फीत जग पणजीत येते, मात्र पडद्यावरील उपशीर्षके इंग्रजीत असतात आणि महोत्सवासाठी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करणाऱ्यांत सत्तरी, केपे, काणकोण येथील बायका थोड्याच असतात. मल्टिप्लेक्समध्ये असा चित्रपट आलाच तर त्याला दिवसाचा एखादाच खेळ मिळतो. पहिल्या तीन दिवसांच्या विक्रीवर पुढचा आठवडा ठरतो, आणि कामाच्या दिवशी दुपारी किंवा रात्री उशिरा बाईला घराबाहेर पडणे जमत नाही. ओटीटीवर चित्रपट सापडतो, पण घरातील टीव्हीचा ताबा बहुधा दुसऱ्याच कोणाकडे असतो.

याला उपाय अवघड नाही आणि महागही नाही. साखळी, कुडचडे, मडगाव, बायणा येथील रवींद्र भवने आणि फोंड्याचे राजीव कला मंदिर यांच्याकडे सभागृहे आहेत, आणि गावोगावी महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गट आहेत. इफ्फीत निवडलेल्या चित्रपटांतील दहा-बारा चित्रपटांना मराठी आणि कोंकणी उपशीर्षके करून, रविवारी दुपारी तीन वाजता ते या सभागृहांत दाखवले, तर डिचोलीची अंगणवाडी सेविका रत्नागिरीला परतणाऱ्या पार्वतीची गोष्ट इंग्रजीचा आडपडदा न येता पाहू शकेल. एका चित्रपटाचे उपशीर्षक मराठीत करणे हे एका चांगल्या अनुवादिकेचे काही दिवसांचे काम आहे, आणि असे काम करू शकणाऱ्या मुली गोव्याच्या भाषा विभागांतून दर वर्षी बाहेर पडतात.